फोटो नेमका कुठे फाटतो?

कोल्हापुरात नवा कॅमेरा घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी मेगापिक्सेल विचारतो आणि मग हळूच 'फुल फ्रेम आहे ना?' म्हणतो, म्हणजे प्रकाश टिपणारा आतला सेन्सर मोठा आहे ना. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा ज्या गावात स्वतः घडवला, त्या गावात कॅमेऱ्याचा रुबाब असणारच. पण दीड-दोन लाख मोजून आणलेला तो मोठा कॅमेरा पुढे वर्षानुवर्षं जेपेगवरच, म्हणजे कॅमेऱ्यानं आवळून तयार करून दिलेल्या फाइलीवरच, चालतो. माझं मत विचाराल तर छोटा कॅमेरा रॉवर, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद तशीच ठेवणाऱ्या फाइलीवर, चालवणारा हौशी फोटोग्राफर या माणसाच्या पुढे जातो. अपवाद आहेत, आणि त्यातला मोठा अपवाद आपल्या तालमीतच सापडतो.

पहाटेची तालीम. लाल माती, वर दोन-चार ट्यूबलाइट, घामानं चमकणाऱ्या पाठी. ढाकेचा डाव लागला की समोरचा हवेत असतो तो क्षणभरच, आणि तो थांबवायचा तर शटर सेकंदाचा पाचशेवा भाग तरी हवं. एफ 2.8 ची लेन्स (एफ आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं) पूर्ण उघडूनही आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड वाढवून दाखवण्याची पातळी, 6400 पर्यंत जातो. इथं सेन्सरचा आकार बोलायला लागतो. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे 864 चौरस मिलिमीटर. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण 366, आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सचं 225 आणि महागड्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं 70 च्या आसपास. लेन्सचा एफ आकडा आणि शटर तेच ठेवलं, तर फुल फ्रेमवर मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट प्रकाश गोळा होतो.

चौपट प्रकाशानं काय साधतं? प्रकाशाचे फोटॉन सुटे सुटे, बेशिस्तपणे येऊन पडतात. एखाद्या ठिपक्यावर सरासरी 10,000 फोटॉन पडणार असतील, तर प्रत्यक्ष आकडा शंभरेकानं खाली-वर होतो. म्हणजे एक टक्का. सरासरी 100 चीच असेल तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. पैलवानाच्या पाठीवर, मातीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जे दाणे दिसतात ते बरेचसे हेच. आयएसओ वाढवला म्हणून नॉईज, म्हणजे हे दाणे, आला असं सगळे म्हणतात. खरं तर प्रकाश कमी होता म्हणून तो आला. आयएसओनं फक्त चव्हाट्यावर आणला. चढउतार वर्गमुळाच्या हिशोबानं चालतो, त्यामुळे चौपट प्रकाशाला फोटो साधारण दुप्पट स्वच्छ मिळतो. मायक्रो फोर थर्ड्सचा 6400 वरचा फोटो फुल फ्रेमच्या 25,600 वरच्या फोटोसारखा दिसतो तो यामुळेच.

आता यातली मेख. छोट्या कॅमेऱ्याला एफ 1.4 ची लेन्स लावली की तेवढाच प्रकाश परत मिळतो, आणि मागचं धूसर होण्याचं प्रमाणही त्याच दृश्याला फुल फ्रेमवरच्या एफ 2.8 इतकंच येतं. म्हणजे सेन्सर एकट्यानं काही ठरवत नाही. लेन्सचं भोक किती मोठं आणि ते किती वेळ उघडं, हा सगळा खेळ आहे. छोट्या सेन्सरच्या बाजूनं बोलणारे सोयीस्करपणे उलटं टोक धरतात. 300 मिलिमीटर एफ 4 ची मायक्रो फोर थर्ड्स लेन्स सव्वा किलोच्या घरात येते आणि फुल फ्रेमवरच्या 600 मिलिमीटरइतकं जवळचं दाखवते, हे खरं. फुल फ्रेमची 600 एफ 4 तीन किलोची आणि किमतीत चारचाकीला भिडणारी, हेही खरं. पण प्रकाश मोजला तर ती छोटी लेन्स 600 एफ 8 च्या बरोबरीची ठरते. राधानगरीच्या दाट झाडीत भल्या सकाळी गवे टिपताना हा फरक जाणवतो. तरीही तीन किलोचं धूड दिवसभर खांद्यावर कोण वागवणार, हा प्रश्न उरतोच. घरी कपाटात राहिलेली लेन्स एकही फोटो काढत नाही.

सेन्सरवर एवढा जीव टाकून मिळवलेला प्रकाश फाइलीत उतरताना काय होतं, ते बघायला चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीवर जावं. जोतिबाच्या सासनकाठ्या, डोक्यावर ऊन आणि सगळीकडे गुलाल. घरी येऊन जेपेग उघडली की भक्तांचे चेहरे ठीक दिसतात, पण गुलालाच्या जागी एकसंध गुलाबी थर बसलेला असतो. कण नाहीत, उधळलेल्या धुरळ्याची जाडी-विरळी नाही, सदऱ्याची चुणी नाही. फोकस चुकलेला नसतो, लेन्सही निर्दोष असते.

सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी सुचवलेली आणि 1976 साली पेटंट मिळालेली चौकडी त्याच्यावर बसवलेली असते: निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. उन्हात या लाल ठिपक्यांवर हिरव्यांपेक्षा कमी नोंद होते. पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा लालची नोंद साधारण दुपटीनं वाढवतो, वर रंग खुलवतो आणि मग जेपेग बनवतो. जेपेगमध्ये एका रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात. गुलालाचा लाल या गुणाकारात 255 च्या छताला जाऊन धडकतो आणि सगळे कण एकाच आकड्यावर चपटे होतात. रॉ फाइलीत मात्र हा गुणाकार झालेलाच नसतो. 14 बिटांच्या फाइलीत 16,384 पायऱ्या असतात आणि लालची मूळ नोंद बहुतेक वेळा छताच्या बरीच खाली शाबूत असते. संगणकावर लाल थोडा उतरवला की गुलालाचे कण परत दिसतात.

जेपेग रंगाची आणखी एक काटछाट करते. डोळा उजेड-अंधाराचे बारकावे नीट टिपतो, रंगाचे तितके नाही. म्हणून शेजारच्या दोन किंवा चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडून प्रत्येकातले सूक्ष्म चढउतार गणितानं वेगळे काढतात आणि नजरेला न जाणवणारे टाकून देतात. हे गणित 1974 साली प्रसिद्ध झालं; ते मांडणाऱ्यांत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद होते. जेपेगचं मानक त्यावरच उभं राहिलं, 1992 मध्ये. अफाट हुशारीचं काम आहे हे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. फक्त गुळाच्या ढेपेतून उसाचा रस परत काढता येत नाही, तसं जेपेगमधून टाकून दिलेलं परत येत नाही. रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या आकाशाची जेपेग उजळायला घ्या, निळ्या-केशरी रंगात पट्टे उमटतात. आपण जिला 'फोटो फाटला' म्हणतो ती ही गोष्ट.

मेगापिक्सेल कमी पडून फोटो फाटतो ही समजूत त्यामानानं लवकर निकालात निघते, आणि साक्षीला चौकातलं डिजिटलच (फ्लेक्सचा फलक) पुरतं. निरोगी डोळा साधारण एक कला (आर्क मिनिट), म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखतो. पाच मीटरवरून बघताना हा तपशील जवळपास दीड मिलिमीटरचा होतो. म्हणून 10 बाय 15 फुटांच्या फलकावर दादांचा वाढदिवस छापायला सहा-सात मेगापिक्सेल पुरतात. उलट हातात धरून बघायचा 12 बाय 18 इंचांचा प्रिंट इंचाला 300 ठिपक्यांनी काढायचा तर 19 मेगापिक्सेल हवेत. एवढे आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतातच.

रॉचा जाच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. 24 मेगापिक्सेलची 14 बिटांची फाइल न आवळता ठेवली तर 42 एमबी होते. बारशाचे पाचशे फोटो म्हणजे 21 जीबी. घरच्या समारंभाला, जिथं रात्रीपर्यंत सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो हवे असतात, तिथं मी बेधडक जेपेगवर काढतो. तालीम, जत्रा, जंगल, सूर्यास्त इथं मात्र 'रॉ अधिक जेपेग'. गुलालात काढताना एक काळजी आणखी: साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आलेख) फक्त उजेड दाखवतो, लाल छताला लागला तरी त्याला पत्ता नसतो. मेनूत लाल-हिरवा-निळा असे तिन्ही आलेख सुरू करा आणि लालचा उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा. तोही आलेख कॅमेऱ्यानं बनवलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये थोडी जागा अजून शिल्लक असते.

मधला मार्ग म्हणून हीफ नावाचा फाइलीचा प्रकार आलाय. दहा बिट असतील तर 1024 पायऱ्या, आणि फाइल आटोपशीर. आयफोननं 2017 पासून तो घराघरात नेला. पण डिजिटल बनवून देणाऱ्याच्या जुन्या संगणकावर ती फाइल उघडेलच असं नाही, त्याला अजून जेपेगच द्यावी लागते.