वजन २ किलो, पैसे १० किलोचे?

सावंतवाडीची लाकडी फळांची परडी ऑनलाइन लिलावात घेतली की वाद ठरलेला: ‘वजन २ किलो, कुरिअरचे पैसे १० किलोचे, विकणाऱ्याने मधे हात मारला!’ हा जुना समज बऱ्याचदा चुकीचा असतो. कुरिअरवाले खोक्याने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, सहसा ५००० ने भागायचं. ते आणि काट्यावरचं वजन, यांतलं जास्त ते धरतात. ४० × ४० × ३० चं खोकं म्हणजे ९.६ किलो, आत कागदाचे बोळेच जास्त असले तरी. विकणारे सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात म्हणा. बोली १ रुपयापासून आणि नफा पाठवणीत, हेही चालतं. म्हणून बोलीआधी खोक्याची मापं विचारून घ्या.