बेळगावच्या गल्ल्यांतील पायी फेरी

बेळगावचे जुने शहर किल्ल्याच्या पश्चिमेस असून गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंग खिंड गल्ली, अनसूरकर गल्ली अशा एकमेकींत मिळणाऱ्या अरुंद गल्ल्यांचे ते पायीच नीट पाहता येते. शिलालेखांत शहराचे नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव, असे येते. सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्याने बहुधा १२१० च्या सुमारास येथे राजधानी आणली आणि किल्ल्यातील कमल बसदी (जैन मंदिर) १२०४ मधील मानली जाते. तथापि आजच्या गल्ल्यांची आखणी तितकी मागे नेणे धाडसाचे ठरेल.

फिरणाऱ्याला अडवतो तो ‘खूट’ हा शब्द. यंदे खूट, शनिवार खूट ही रस्ते मिळतात त्या जागांची नावे आहेत. मराठीत खुंट म्हणजे जमिनीत रोवलेली मेख आणि त्यावरून हद्दीची खूण. कन्नडमध्ये कूट म्हणजे एकत्र येणे, मेळ. चौकाला दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि एकाच दुकानाच्या पायरीवर दोन्ही भाषा चालतात अशा शहरात एका शब्दाने दुसऱ्याला बळ दिले असणे अशक्य नाही. तरीही कन्नड प्रदेशापासून दूर असलेल्या अहिल्यानगरात (पूर्वीचे अहमदनगर) ‘रामचंद्र खुंट’ हे नाव आढळते, आणि कूटमधील ‘क’चा ‘ख’ कसा झाला हा प्रश्नही उरतोच. त्यामुळे मराठी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

इतर नावे सरळ आहेत. काकतीवेस काकती गावाच्या दिशेची. वेस गेली, नाव राहिले. चव्हाट गल्लीत चव्हाटा आहे. नरगुंदकर भावे चौक १८५८ मध्ये बेळगावात फाशी दिलेल्या नरगुंदच्या संस्थानिकाचे स्मरण देतो. रविवार पेठेचा अपवाद सोडल्यास जुन्या शहरात ‘गल्ली’च प्रबळ असून वारांच्या पेठा टिळकवाडीत भेटतात. कॅम्प भागाची लष्करी वळणाची आखणी अगदी वेगळी आहे.

कपिलेश्वर मंदिराजवळ रेल्वेमार्ग ओलांडून दक्षिणेस गेल्यावर शहापूर लागते. हा भाग १९४८ पर्यंत पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. म्हणजे आज सहज पार होणारे हे अंतर पूर्वी ब्रिटिश मुलखातून संस्थानात नेणारे होते. बेळगाव आणि शहापूर या दोन्ही ठिकाणी खडे बाजार असण्याचे कारण या दुहेरी कारभारात असावे. पुढे वडगाव व खासबाग या विणकरांच्या वस्त्या असून तेथील घरांतून मागांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे. पाट्या मुख्यतः कन्नडमध्ये असल्या, तरी मराठी भाषकांच्या बोलण्यात बेळगाव हेच नाव चालते आणि पत्ता गल्लीच्या नावानेच सांगितला जातो.