दुर्गाच्या जन्मामागचं संप्रेरकांचं गणित

भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की मुंबईकरांना केईएम रुग्णालय आठवतं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून तिथे एक मुलगी जन्मली. मात्र त्याआधी आठ वर्षं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली होती. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मून तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. दुर्गाच्या जन्मामागचे संशोधक होते डॉ. सुभाष मुखर्जी. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बरंच बोललं जातं, त्यांच्या विज्ञानाबद्दल फार कमी.

मुखर्जी मुळात संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, अभ्यासक. कलकत्ता विद्यापीठाच्या पीएचडीनंतर त्यांनी एडिंबरामध्ये प्रजननाच्या संप्रेरकशास्त्रात दुसरी पीएचडी केली. टेस्ट ट्यूब बेबीकडे त्यांनी पाहिलं तेही याच नजरेतून.

एरवी स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला बहुधा एकच बीज पिकतं. ते हुकलं की महिना वाया. अनेक बीजं एकाच वेळी पिकवण्यासाठी मुखर्जींनी ‘एचएमजी’ हे औषध वापरलं. ते पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलं जायचं. या वयात बीजांडकोश थकलेले असतात, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी त्यांना हलवायला एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं भरपूर सोडत राहते आणि ती लघवीवाटे बाहेर पडतात. तीच तरुण स्त्रीला टोचली की एकाऐवजी अनेक बीजं तयार होतात.

लुईसच्या जन्मामागचे इंग्लंडचे संशोधक एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनीही आधी हा मार्ग धरून पाहिला होता. पण औषधांनी पाळीच्या चक्राचा तोल ढळतो आणि गर्भ रुजत नाही, असा अनुभव आल्यावर त्यांनी तो सोडला. लुईसचा जन्म नैसर्गिकरीत्या पिकलेल्या एकाच बीजातून झाला.

मुखर्जींनी औषध सोडलं नाही, वेळ बदलली. अनेक बीजं एकदम पिकली की इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी खूप चढते आणि गर्भाशयाचं अस्तर गर्भाच्या वेळापत्रकाशी जुळेनासं होतं. बी उत्तम, पण जमिनीला वाफसा नाही, अशी ती अवस्था. मग पेरणी त्याच महिन्यात कशाला? त्यांनी आठ पेशींचे भ्रूण गोठवले आणि ५३ दिवसांनी, औषधांचा परिणाम ओसरून नैसर्गिक चक्र सुरू झाल्यावर, गर्भाशयात सोडले.

गोठवण्यातली खरी भीती पाण्याची. पेशीतल्या पाण्याचे स्फटिक झाले की तिचं पटल फाटतं. म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य वापरलं गेलं. या कामात त्यांना सुनीत मुखर्जी या शीतीकरणाच्या जाणकाराची आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांची साथ होती. बीज काढण्यासाठीही त्यांनी स्टेप्टोंसारखी पोटातून दुर्बीण घातली नाही, योनीमार्गातून छोटा छेद घेतला.

गोठवलेल्या भ्रूणापासून पुढचं बाळ जन्मलं ते थेट १९८४मध्ये, मेलबर्नला. आज वंध्यत्व केंद्रांत ‘या महिन्यात नको, भ्रूण गोठवून ठेवू’ असा सल्ला अनेक जोडप्यांना मिळतो. त्यामागे बऱ्याचदा हाच विचार असतो.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने मात्र मुखर्जींचा दावा फेटाळला. समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. शंका घेणं गैर नव्हतं, कारण छापील पुरावा तुटपुंजा होता. पण ज्यांना हा विषय कळतो अशांकडून ती तपासली जायला हवी होती. जपानला जाऊन आपलं काम मांडायची परवानगीसुद्धा त्यांना नाकारली गेली. १९८१मध्ये त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली आणि त्याच वर्षी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आत्महत्या केली.

१९९७मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असता मुखर्जींची टिपणं त्यांच्या हाती आली. ती बारकाईने वाचून त्यांनी ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लेख लिहिला आणि भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान मुखर्जींचा आहे, असं जाहीर केलं. तोवर तो मान आनंद कुमार यांच्या स्वतःच्या चमूकडे होता.