जयकर ते मोबाईल: खान्देशातल्या विद्यापीठीय ग्रंथालयांची पार्श्वभूमी

खान्देशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १५ ऑगस्ट १९९० रोजी. तोवर जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि पीएचडी करणाऱ्याला संदर्भ हवा असला की पुण्याचं जयकर ग्रंथालय गाठावं लागे. रात्रभर एसटी, सकाळी गणेशखिंड, दोन-चार दिवसांत उतरवून होतील तेवढी टिपणं, की परतीची गाडी.

इकडे ग्रंथसंग्रह नव्हते असं नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर होतं, अमळनेरात १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर. पण ते अभ्यासकांचे संग्रह. बी.एस्सी.च्या पोराला तिथं काय मिळणार? त्याच्या वाट्याला कॉलेजचं ग्रंथालय, म्हणजे जाळीच्या खिडकीतून चिठ्ठी सरकवायची आणि शिपाई जे आणून देईल ते घ्यायचं.

१९९१ मध्ये इन्फ्लिबनेटचं, म्हणजे विद्यापीठीय ग्रंथालयं संगणकाने जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राचं, काम सुरू झालं आणि २००० साली त्यांचं 'सोल' हे ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आलं. इकडच्या बऱ्याच कॉलेजांनी ते घेतलं. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी पटापट झाल्या. अडलं ते मराठीपाशी. अनेक ठिकाणी मराठी शीर्षकं रोमन अक्षरांत भरली गेली. 'ज्ञान' हा शब्द कोणी 'डी'पासून लिहिला, कोणी 'जे'पासून, कोणी 'जी'पासून. पुस्तक कपाटात असायचं, संगणक मात्र 'नाही' म्हणायचा. अशा वेळी काउंटरवरचा जुना माणूसच खरा कॅटलॉग. २००९ च्या 'सोल २.०' मध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकीय अक्षरपद्धत, आल्यावर देवनागरीत नोंदी करायची सोय झाली, तरी आधीच्या हजारो नोंदी कोण बदलणार?

आमच्या भागापुरतं बोलायचं तर माझ्या मते सर्वांत मोठा फरक २०१० च्या 'एन-लिस्ट' या कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेने पडला. विद्यापीठांना ई-जर्नल्स २००४ पासूनच मिळत होती, पण ती आवारातल्या नेटवर्कवर. बांभोरीच्या टेकडीवरच्या विद्यापीठातली सोय दूर सातपुड्यातल्या धडगावच्या विद्यार्थ्याच्या काय कामाची? एन-लिस्टने कॉलेजातल्या मुलाला स्वतःचं लॉगिन दिलं आणि घरबसल्या वाचता येऊ लागलं. मात्र नाव नोंदवायचं काम कॉलेजच्या ग्रंथपालाचं. जिथं ग्रंथपालाचं पदच रिकामं, तिथं वर्गणी भरूनही पासवर्ड कपाटातच. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी संस्थांसाठी जर्नलांची एकत्र वर्गणी भरणारी केंद्राची योजना लागू झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. आकडे दणदणीत आहेत. पण त्यातलं बहुतेक सगळं इंग्रजीत.

दरम्यान वाचकाची गरज भलतीकडेच गेली होती. सकाळी दार उघडायच्या आधी जी मुलं पायऱ्यांवर बसलेली असतात, त्यांना जर्नल नको असतं. त्यांना एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीसाठी बसायला जागा हवी असते. पुस्तकं ती स्वतःच पिशवीतून आणतात. खुर्ची, पंखा, चार्जिंगचा प्लग आणि प्यायचं पाणी, एवढंच मागणं. ग्रंथालयांनी अभ्यासिका वाढवल्या, वेळा लांबवल्या. कुणी याला ग्रंथालयाची अवनती म्हणतं. मला ते पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असली की शांत टेबल हीच सेवा.

प्रबंधांची गोष्ट मात्र अर्धवट राहिली आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आवश्यक झालं आणि देशभरचे प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारात येऊ लागले. आता जळगावचा प्रबंध नागपुरात बसून वाचता येतो. पण जुने मराठी प्रबंध एक तर स्कॅन केलेले, नाही तर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेले. अहिराणीवर काम करणारा मुलगा आतल्या मजकुरात 'अहिराणी' शोधतो आणि हाती शून्य येतं. शेवटी अनुक्रमणिका उघडून पान-पान चाळावं लागतं. ते प्रबंध युनिकोडमध्ये आणणं हे किचकट, कंटाळवाणं काम आहे आणि त्यासाठी जर्नलांच्या मानाने पैसाही फारसा लागणार नाही. गाइडकडे जाण्याआधी मुलं ग्रंथपालाला विचारतात, "सर, यावर आधी कोणी काम केलंय का?" त्याचं नीट उत्तर द्यायला तेवढं झालेलं पुरे.