चेंडू कठीण झाला आणि बेसबॉल बदलला

1845 मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने बेसबॉलचे नियम लिहिले, तेव्हा मैदानाचं माप फुटांत दिलंच नव्हतं. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर होम, जिथे बॅटर उभा राहतो, आणि बाकी तिन्हींवर बेस, ज्यांना शिवत धावून होमला परतायचं. होमपासून दुसरा बेस 42 पावलं आणि पहिल्यापासून तिसरा 42 पावलं, बस्स. म्हणजे चौकोनाच्या बाजू सोडून दोन कर्ण दिले होते. पाऊल 3 फुटांचं धरलं तर बाजू 89 फूट येते, अडीच फुटांचं धरलं तर जेमतेम 74. शेवटी क्लबांच्या 1857 च्या बैठकीत 90 फूट ठरले, ते आजही तसेच आहेत.

1845 च्या त्याच नियमांत धावणाऱ्याला बाद करण्यासाठी चेंडू फेकून मारायला बंदी घातली होती. मला हा सगळ्यात महत्त्वाचा बदल वाटतो. अंगावर बसणारा चेंडू मऊच हवा. ती अडचण गेली आणि चेंडू घट्ट बांधायची मोकळीक मिळाली.

हे चेंडू हाताने बनत. आत रबराच्या पट्ट्यांचा गोळा, बऱ्याचदा जुन्या रबरी बुटांचा. त्यावर लोकरीचं सूत ताणून गुंडाळायचं. मग चामड्याचा एकच तुकडा चार पाकळ्यांत कापायचा, त्या पाकळ्या गोळ्यावर ओढून घ्यायच्या आणि कडा शिवायच्या. सोललेलं लिंबू पुन्हा मिटवावं, तसा तो दिसे. रबर जास्त भरलं की चेंडू उसळायचा, सूत सैल पडलं की लवकर चेपायचा. आणि अख्खा सामना एकाच चेंडूवर चाले, त्यामुळे शेवटी शेवटी तो वेडावाकडा होई. 1857 मध्ये वजन 6 ते सव्वासहा औंस होतं, म्हणजे आजच्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. ते टप्प्याटप्प्याने उतरलं आणि 1872 पासून वजन 5 ते सव्वापाच औंस, परीघ 9 ते सव्वानऊ इंच असा चेंडू पक्का झाला.

बेस म्हणजे वाळू किंवा लाकडाचा भुसा भरलेल्या, पांढऱ्या रंगवलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या. होमला मात्र गोल लोखंडी तबकडी. ओली झाली की पाय घसरे, घसरत आलेल्या खेळाडूला ती लागेही. आजची पंचकोनी, 17 इंच रुंद होम प्लेट 1900 मध्ये आली.

एवढा कठीण चेंडू अडवायचा तो उघड्या हातांनी! म्हणूनच 1864 च्या हंगामापर्यंत एक टप्पा पडलेला झेलही बाद धरत. कॅचर, म्हणजे क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू, बॅटरच्या बराच मागे उभा राही. 1877 च्या सुमारास हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून जाळीचा मास्क बनवला, तेव्हा कॅचरला पुढे सरकता आलं. हातमोजे 1870 च्या दशकात दिसू लागले. पण ते पातळ चामड्याचे, बोटांची टोकं कापलेले असत, कारण चेंडू अडवल्यावर त्याच हाताने लगेच फेकायचाही असे.