आर्थिक साक्षरता : काटकसरीच्या धड्यापासून गुंतवणुकीच्या निर्णयापर्यंत

सर्वसामान्य माणसाला पैशाचे व्यवहार शिकवले पाहिजेत ही कल्पना आज चांगलीच रुळली आहे. मात्र ती कोणत्या गरजेतून पुढे आली, याचा विचार क्वचितच होतो. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर जोखीम जसजशी संस्थांकडून व्यक्तीकडे सरकली, तसतसा या शिक्षणाचा आग्रह वाढत गेला, असे दिसते.

स्कॉटलंडमधील रुथवेल या खेड्यात १८१० मध्ये हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने गरिबांसाठी बचत बँक सुरू केली. नेहमीच्या बँकेत खाते उघडायला त्या काळी दहा पौंड लागत. डंकन यांच्याकडे सहा पेन्सही चालत. ठेवींच्या पेटीला तीन कुलपे होती आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या व्यक्तींकडे असल्याने कोणा एकाला ती उघडता येत नसे. ठेवीदाराला निवड करायची नव्हती, केवळ सवय लावून घ्यायची होती. बचतीचा हा संस्कार पुढे बराच काळ टिकला. १९२४ मध्ये मिलान येथे भरलेल्या बचत बँकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन ठरवला, तोही याच परंपरेतला.

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९३३ च्या अमेरिकी रोखे (शेअर, बाँड) कायद्याने गुंतवणूक चांगली की वाईट हे सरकारने ठरवायचे नाही, कंपनीने मात्र खरी माहिती उघड करायची, असे सूत्र स्वीकारले. कर्जाच्या बाबतीत तिथल्याच १९६८ च्या कायद्याने वार्षिक व्याजदर एकाच पद्धतीने सांगणे सक्तीचे केले. ही दोन्ही पावले मोलाची होती. परंतु माहिती वाचून तिचा अर्थ लावू शकणारा ग्राहक दोन्ही कायद्यांनी गृहीत धरला होता, आणि तो घडवण्याची जबाबदारी कोणाची, हे अनुत्तरित राहिले.

ती उणीव खऱ्या अर्थाने जाणवली ती निवृत्तिवेतनाच्या बदलांमुळे. पूर्वी ठरावीक पेन्शन देण्याची जबाबदारी मालकाची किंवा सरकारची असे. अमेरिकेत १९७८ च्या करकायद्यातील ४०१(के) तरतुदीने वैयक्तिक निवृत्ती खात्यांची वाट मोकळी केली, तर चिलीने १९८१ मध्ये जवळपास संपूर्ण व्यवस्थाच वैयक्तिक खात्यांवर नेली. किती बाजूला काढायचे, कशात गुंतवायचे आणि जमलेली पुंजी आयुष्यभर कशी पुरवायची, हे सारे आता कर्मचाऱ्याच्या अंगावर आले. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातले निर्णायक वळण हेच.

लोकांची तयारी किती होती, हे २००४ मध्ये ॲनामारिया लुसार्डी आणि ओलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांनी पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकी नागरिकांना विचारलेल्या तीन प्रश्नांतून स्पष्ट झाले. खात्यातील शंभर डॉलरवर वर्षाला दोन टक्के व्याज मिळाले, तर पाच वर्षांनी रक्कम १०२ डॉलरपेक्षा जास्त होईल की कमी, हा त्यांतला पहिला. दुसरा महागाईचा, तिसरा एकाच कंपनीच्या शेअरमधील जोखमीचा. तिन्हींची बरोबर उत्तरे जेमतेम एक तृतीयांश लोकांना देता आली, आणि प्रश्न विचारलेली ही माणसे घरकर्जे, विमा, पेन्शन यांचे निर्णय आधीच घेऊन बसलेली होती, हे विशेष चिंताजनक.

त्यानंतर आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५ मध्ये आर्थिक शिक्षणाची तत्त्वे मांडली, आणि २०१२ च्या पिसा या तिच्या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आर्थिक जाणही तपासली गेली. मात्र अशा शिक्षणाने वागणूक बदलते का, यावर संशोधकांत मतभेद झाले. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून परिणाम अत्यल्प असून काळानुसार तो विरतो, असा निष्कर्ष निघाला. निर्णयाच्या तोंडावर नेमके तेवढेच शिकवावे, असा त्यातून सुचलेला उपाय होता. २०२२ च्या विश्लेषणाने ७६ यादृच्छिक प्रयोग (ज्यांत शिक्षण कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले जाते) तपासून ज्ञान आणि वागणूक दोन्हींत सुधारणा आढळल्याचे दाखवले. दरम्यान अमेरिकेत २००६ च्या कायद्याने कर्मचाऱ्याला निवृत्ती योजनेत आपोआप सामील करून घेण्यास पाठबळ दिले, म्हणजे कोणी काही शिकले नाही तरी बचत सुरू व्हावी, अशी सोय केली. संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही आर्थिक शिक्षणाला ग्राहक संरक्षण आणि वित्तीय समावेशन (सर्वांना बँक, विमा यांसारख्या सेवा मिळणे) यांची जोड हवी, असेच म्हटले आहे.