रेल्वे अपघातस्थळ : बचावकर्त्यांपुढील धोके आणि सुरक्षितता

गाडी घसरली, टकरली, पेटली किंवा पुरात अडकली की मदतीला धावणाऱ्यांनी स्वतः बळी न पडता काम कसे करावे, त्याचे नियम, साधने आणि कार्यपद्धती यांचा हा विषय आहे. 'बचावकर्ते' या शब्दात अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, लोहमार्ग पोलीस, रेल्वे सुरक्षा दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल हे सगळे येतात. पण त्यांच्याही आधी पोहोचतात ते शेजारच्या शेतातले, पाड्यावरचे, रुळांलगतच्या वस्तीतले लोक. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी घरातल्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना रुळांवरून बाहेर काढले. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजारला तीन गाड्यांचा अपघात झाला, तेव्हाही अंधारात डब्यांत पहिल्यांदा शिरले ते गावकरीच. म्हणून ही माहिती गणवेशातल्या माणसांपुरती राखून ठेवण्याची नाही.

रस्त्यावर अपघात झाला तर मागून येणारी गाडी बाजूने काढता येते, हात दाखवला तर थांबते. रुळांवरची गाडी बाजूला वळत नाही आणि ब्रेक लावल्यावरही बरेच अंतर जात राहते. भरलेली मालगाडी वेगात असेल तर किलोमीटरभर अंतरही कमी पडू शकते. शिवाय डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. त्यामुळे डब्याकडे धाव घेण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावीच लागते : लाइन बंद झाली का, आणि करंट काढला का. ही दोन्ही कामे स्टेशन मास्तर आणि कंट्रोल (रेल्वेचा नियंत्रण कक्ष) यांच्याकडून होतात. बाहेरून आलेल्या माणसाला ती परस्पर करता येत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांची खात्रीही होत नाही.

शेजारची लाइन

दुहेरी मार्गावरचा सर्वांत मोठा धोका शेजारच्या रुळांवरून येतो. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या लाइनवर पडले आणि काही वेळातच समोरून आलेली सियालदह एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. २०० हून अधिक माणसे गेली. बहानगा बाजारलाही घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या गाडीच्या वाटेत गेले. महाराष्ट्रातले उदाहरण ताजे आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ आग लागल्याच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधले प्रवासी खाली उतरले, शेजारच्या लाइनवर उभे राहिले, आणि कर्नाटक एक्सप्रेसने त्यांच्यापैकी किमान १२ जणांचा जीव घेतला. पुष्पकला काही झालेले नव्हते.

गाडीतून उतरणाऱ्याला जागेचा अंदाज हमखास चुकतो. भारतातल्या रुंद मार्गावर (ब्रॉडगेज) दोन रुळांत १.६७६ मीटर अंतर असते. मुंबईच्या लोकलचा डबा मात्र सुमारे ३.६६ मीटर रुंद, म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक मीटर लोंबलेला. जुन्या दुहेरी मार्गांवर दोन लाइनींच्या मध्यरेषांत ४.७२५ मीटर अंतर ठेवलेले आढळते. दोन लोकल समोरासमोर आल्या की मधे जेमतेम एक मीटर उरतो. स्ट्रेचर धरलेल्या माणसाला तो पुरत नाही. आणि विजेवरची गाडी लांबून ऐकू येत नाही. जखमींचा आक्रोश, जनरेटर, कटरचा आवाज चालू असताना तर नाहीच.

म्हणून रेल्वेच्या नियमांत अपघातानंतरचे पहिले काम 'लाइन संरक्षित करणे' हे आहे. लोको पायलट इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर दिवा लावतो. गाडीतले कर्मचारी रुळांवर फटाके बांधत जातात : रुंद मार्गावर ६०० मीटरवर एक, आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाकाखाली ते फुटले की येणारा लोको पायलट ब्रेक लावतो. जिथे सिग्नलसाठी रुळांतून विद्युतमंडल नेलेले असते, तिथे क्लिपच्या वायरने दोन्ही रूळ जोडले की मागचा सिग्नल लाल होतो. अनेक मार्गांवर आता डब्यांचे आस मोजणारी यंत्रणा आली आहे. तिथे ही क्लिप कामाची नाही, हे ठाऊक असायला हवे.

कोणालाही करता येण्याजोगा एक इशारा मात्र गावागावांत शिकवला पाहिजे. लाल झेंडा नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरून उभे राहायचे; रेल्वेच्या नियमपुस्तकात त्याचा अर्थ 'थांबा' असाच आहे. रात्री लाल दिवा, आणि तो नसला तर हाती असेल तो पांढरा दिवा जोरजोरात हलवायचा. मोबाइलची बॅटरीही चालते. हे रुळांच्या मधे उभे राहून करायचे नाही, बाजूला राहून करायचे, आणि अपघातापासून जितके लांब जाता येईल तितके लांब जाऊन करायचे.

डोक्यावरची तार

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे शहरातला सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसीवर आला. हार्बरचे काम २०१६ मध्ये पुरे झाले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. या तारखा इथे देण्याला कारण आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून सुट्टी विशेष गाडी घसरली तेव्हा मदतीला धावलेल्यांच्या डोक्यावर तार नव्हती. त्यांनी डब्यांच्या टपावर चढून माणसे बाहेर काढली असती तरी त्यात विजेचा धोका नव्हता. आज त्याच कटिंगमध्ये (डोंगर कापून काढलेल्या वाटेत) टपावर चढणे म्हणजे मरण आहे. आधीच्या पिढीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, उलट घात करतो.

२५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असे नाही. जवळ गेले तरी ती हवेतून झेप घेते. अधिकृत माणसाखेरीज कोणी जिवंत तारेच्या दोन मीटरच्या आत जायचे नाही, हा नियम. त्यात हातातली लोखंडी शिडी, पहार, ओली दोरी, छत्री हे सगळे मोजायचे. अग्निशमन दलाने करंट गेल्याची खात्री झाल्याशिवाय तारेखाली पाण्याचा फवारा मारायचा नाही आणि उंच शिडी उभारायची नाही.

तुटून खाली पडलेली तार सर्वांत फसवी असते. ठिणगी नाही, आवाज नाही, म्हणून ती मेलेली वाटते. प्रत्यक्षात दोष आला की सबस्टेशनचा ब्रेकर पडतो, आणि बिघाड कुठे आहे ते शोधण्यासाठी कंट्रोलमधून तार पुन्हा चार्ज करून पाहिली जाते. मधल्या त्या काही क्षणांत कोणी तिला हात लावला तर? शिवाय तार जमिनीला टेकली असेल तर भोवतालच्या मातीतही विजेचा दाब पसरतो. अशा ठिकाणी आधीच सापडलेल्या माणसाने लांब ढांगा न टाकता पाय जमिनीवरून न उचलता घसटत मागे यावे. बहानगा बाजारच्या अपघातानंतर लोहमार्ग पोलिसांनी नोंदवलेल्या तक्रारीत काही मृत्यू विजेच्या तारांशी संपर्क आल्याने झाल्याचे म्हटले होते.

करंट काढण्याची पद्धत ठरलेली आहे. ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर त्या टप्प्याचा पुरवठा तोडतो आणि तसा संदेश क्रमांकासह देतो. पण शेजारच्या लाइनची तार चालू असेल तर बंद तारेतही दाब उपजतो. म्हणून ओव्हरहेड विभागाचे कर्मचारी कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लावतात. दांड्याची क्लँप आधी रुळाला आवळायची, मग आकडा तारेवर टाकायचा. काढताना आधी आकडा, मग क्लँप. हा क्रम उलटला तर दांडा धरणाऱ्याच्या अंगातून करंट जातो. दोन्ही टोकांना लटकलेले दांडे दिसले आणि विभागाच्या माणसाने तोंडाने सांगितले, तरच 'करंट गेला' असे मानावे.

वीज वरूनच येते असेही नाही. नव्या एलएचबी डब्यांना पंखे, दिवे आणि वातानुकूलन यांसाठी ७५० व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा असतो. तो जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून केबलने सगळ्या गाडीभर जातो. कोलकाता आणि बेंगळुरूच्या मेट्रोत तर ७५० व्होल्ट जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळात आहेत.

ठिकाण सांगणे

'दोन स्टेशनांच्या मधे, आंब्याच्या झाडापाशी' एवढ्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही. तारेच्या प्रत्येक खांबावर एक पाटी असते : वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. १३९ किंवा ११२ वर फोन करणाऱ्याने तेवढे दोन आकडे, जवळच्या दोन स्टेशनांची नावे आणि जवळच्या फाटकाचा क्रमांक सांगितला तर कंट्रोलला नेमका टप्पा बंद करता येतो. एवढी सोपी गोष्ट शाळेत शिकवली जात नाही, याची खंत वाटते.

डब्यात

कलंडलेला डबा स्थिर वाटला तरी तो सरकू शकतो. आत शिरण्याआधी लाकडी स्लीपर, ओंडके आणि पाचरी लावून तो पक्का करतात. जुने आयसीएफ डबे साध्या पोलादाचे होते, गॅस कटरने कापले जात. एलएचबी डब्यांचे कवच स्टेनलेस स्टीलचे आहे; त्यातल्या क्रोमियममुळे ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत नीट कापत नाही. आणि ज्योतीचा दोष आणखी मोठा : आत अडकलेल्याच्या अंगाशी गाद्या, रेक्झिन, फोम असतो. म्हणून हायड्रॉलिक कटर आणि स्प्रेडर यांनी थंड पद्धतीने कापणे हाच योग्य मार्ग ठरला आहे. त्याआधी आपत्कालीन खिडक्या पाहाव्यात. अनेकदा पत्रा कापण्यात वेळ जातो आणि लाल रंगाची खिडकी तशीच राहते. चेंगरलेल्या हातापायावरचे ओझे डॉक्टर जवळ असल्याखेरीज घाईने उचलू नये. दाब सुटताच साचलेली विषद्रव्ये रक्तात मिसळून हृदय बंद पडू शकते.

डिझेल इंजिनाच्या पोटाखाली सुमारे ५,००० लिटरची टाकी असते. ती फुटली की खडीतून डिझेल झिरपत दूरवर जाते. प्रवाशांनी लपवून आणलेला स्वयंपाकाचा सिलिंडर हाही खरा धोका आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात तो भडकून ९ जण गेले.

टाकीचे वॅगन

पेट्रोल, एलपीजी, अमोनिया रेल्वेने जातात. भारतात त्यांच्या वाहतुकीचे नियम 'रेड टॅरिफ' या पुस्तकात आहेत. वॅगनवर धोक्याची पाटी असते आणि तिच्यावर चार आकडी क्रमांक : १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया. वारा पाठीशी घेऊन, दुरून, दुर्बिणीने तो वाचणे हे पहिले काम. गार्डकडे (२०२२ पासून त्यांचे पद 'ट्रेन मॅनेजर' म्हणून ओळखले जाते) मालाची कागदपत्रे असतात, ती मागून घ्यावीत.

आगीच्या जवळ जाण्याची घाई किती महाग पडते ते १८ फेब्रुवारी २००४ रोजी इराणमध्ये निशापूरजवळ दिसले. सुटून धावलेल्या वॅगनांत गंधक, पेट्रोल, खत आणि कापूस होता. काही तास आग विझवण्याचे काम चालले, अधिकारी आणि बघे जमले, आणि मग स्फोट झाला. सुमारे ३०० मृतांत अग्निशामक आणि मदतकार्यातले लोक मोठ्या संख्येने होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात वेव्हर्ली गावी याहून वेगळे घडले. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी गाडी घसरली, प्रोपेनच्या टाकीला चीर गेली, पण आग लागली नाही. दोन दिवसांनी ऊन चढले, टाकीतला दाब वाढला आणि गॅस दुसऱ्या टाकीत घेण्याची तयारी चालू असताना ती फुटली. १६ जण गेले. त्यांत गावाचे पोलीसप्रमुख आणि अग्निशमनप्रमुख होते. शांत पडलेली टाकी सुरक्षित नसते, हे तिथल्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन शिकवले.

मदतगाडी, बोगदे, पूर

रेल्वेची स्वतःची व्यवस्था म्हणजे अपघात मदतगाडी आणि वैद्यकीय मदतगाडी. ठरावीक स्टेशनांवर त्या सज्ज उभ्या असतात आणि भोंगा वाजला की काही मिनिटांत निघण्याचे बंधन असते. कोकण रेल्वेवर रत्नागिरी आणि गोव्यात वेर्णा इथे अशा स्वयंचलित वैद्यकीय गाड्या ठेवतात, कारण त्या मार्गावर अनेक जागी रस्त्याने पोहोचताच येत नाही. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात आग लागली तर ज्वाळांपेक्षा धूर आधी मारतो. श्वसनयंत्राशिवाय आत जाणारा जवान परत येईल याची शाश्वती नसते.

कधी कधी उत्तम बचाव म्हणजे प्रवाशांना खाली उतरू न देणे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीभोवती पाणी, खाली खडी वाहून गेलेली असण्याची शक्यता. रेल्वेने प्रवाशांना डबा सोडू नका असे वारंवार सांगितले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्यावर सुमारे १,०५० जणांना, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या, सुखरूप बाहेर काढले.

ब्लॉक उठवताना

ब्लॉक म्हणजे कामासाठी लाइन आणि करंट बंद ठेवण्याची मुदत. काम संपत आल्यावर लोक थकलेले असतात आणि लाइन लवकर सुरू करण्याचा दबाव वाढतो. ही वेळ सुरुवातीइतकीच नाजूक. प्रत्येक पथकाच्या प्रमुखाने आपली माणसे आणि हत्यारे मोजायची, सगळे रुळांबाहेर आल्याचे रेल्वेच्या अधिकाऱ्याला सांगायचे. दलांना काम संपल्याचे ठाऊक असते, पण चादरी घेऊन धावलेला गावकरी अजून डब्यापाशी असू शकतो, त्यालाही मोजायचे. त्यानंतर अर्थिंगचे दांडे उतरतात, कामाच्या परवान्याचा कागद परत जातो, कंट्रोलला संदेश क्रमांक मिळतो आणि मगच तारेत करंट येतो.